हाताने लिहिलेला बोर्डिंग पास

माझ्यावर काळ्या उभ्या रेघा नाहीत, छापलेलं एकही अक्षर नाही, आणि माझा खालचा उजवा कोपरा फाटलेला आहे. त्यामुळे पुष्कळ लोक मला चिठ्ठी समजतात. एकाने तर मला वाण्याची यादी म्हटलं होतं. पण मी बोर्डिंग पास आहे, विमानात बसून आलेला बोर्डिंग पास. हे मुद्दाम सांगावं लागतंय, कारण तेवढं एक सिद्ध करता करता माझ्या मालकाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

माझा जन्म लोहगावच्या विमानतळावर झाला, जुलैतल्या एका शुक्रवारी. त्याआधी मी एका विमान कंपनीच्या काउंटरखाली, प्रिंटरच्या ट्रेमध्ये भावंडांच्या गठ्ठ्यात पडून होतो. पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं. अंगावर कसली तरी यादी छापून घ्यायची, दिवसभर काउंटरवर लोळायचं आणि संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यात जायचं. पण त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला काउंटरवरच्या सगळ्या कॉम्प्युटरचे पडदे एकदम निळे पडले. शेजारच्या कंपन्यांचेही पडले. जगभरच म्हणे तसं झालं होतं. रांगा वाढत वाढत दारापर्यंत गेल्या, आणि एवढ्या मोठ्या विमानतळावर कुणाला काय करावं ते सुचेना.

शेवटी एक वयस्कर साहेब आले आणि म्हणाले, "हाताने लिहा. पूर्वी लिहीतच होतो की."

काउंटरवर योगिनी नावाची आळंदीची मुलगी होती. कॉलेज सुटल्यापासून तिने सहीपलीकडे हाताने काही लिहिलं नसावं. तिने ट्रेमधला गठ्ठा काढला, एकेका कागदाचे फुटपट्टीने चार तुकडे केले आणि लिहायला लागली. बसायच्या जागांचा तक्ता तिने पेनने आखून घेतला होता. एक जागा दिली की तक्त्यात एक फुली. साठ-सत्तर जणांचे पास लिहून तिची बोटं दुखायला लागली होती, तेव्हा माझी पाळी आली. माझ्यासमोर उभे होते हिंदुराव.

"नाव सांगा काका."

"हिंदुराव बाबुराव जगदाळे."

"कुठे निघालात?"

"अहमदाबाद. कंपनीनं धाडलंय." मग जरा वाकून, मागच्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं, "बाई, कॉम्प्युटर बंद हाय, तर इमान उडंल का?"

योगिनी त्या दिवसात पहिल्यांदा हसली. "उडेल काका. विमान वेगळं, हे वेगळं. पहिल्यांदाच बसताय?"

"व्हय."

तिने तक्त्यावरून नजर फिरवली. "उजवीकडची खिडकी देते. उडालं की विमान उजवीकडे वळतं, सगळं दिसेल." आणि माझ्यावर तिने लिहिलं, चौदा एफ. तेच खालच्या उजव्या कोपऱ्यातही लिहिलं आणि वर निळा गोल शिक्का उमटवला. अक्षर किरटं होतं, पण ते माणसाचं होतं, याचा मला अजून अभिमान वाटतो.

हिंदुरावांनी मला दोन्ही हातांनी घेतलं. तेव्हाच मला त्यांच्या अंगठ्याची ओळख झाली. एवढा राठ अंगठा मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि एवढं जपून धरणाराही पाहिला नव्हता. हिंदुराव डायफिटर. पत्रा ज्या साच्यात दाबून गाडीचे भाग काढतात त्या साच्याला डाय म्हणतात, आणि त्या डाया बसवण्यात, दुरुस्त करण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. कंपनी आधी भोसरीत होती, मग चाकणला गेली. हिंदुराव मात्र भोसरीतच, त्याच दोन खोल्यांत राहिले. त्यांच्या कंपनीची एक डाय अहमदाबादजवळ साणंदच्या मोटार कारखान्यात गेली होती आणि तिथे भागांच्या कडेला बारीक खरखर येत होती. दोन इंजिनिअर जाऊन हात हलवत परत आले. तेव्हा मोठे साहेब म्हणाले, आता हिंदुरावांचा अंगठा पाठवा. कडेवरून अंगठा फिरवून चूक नेमकी कुठे आहे ते सांगणारा सगळ्या कंपनीत तो एकच होता. निवृत्तीला चार महिने उरले असताना त्या अंगठ्याला विमानाचं तिकीट मिळालं.

विमानाकडे जायच्या दारापाशी एक तरुण उभा होता. तो प्रत्येकाच्या पासचा कोपरा फाडून पाण्याच्या बाटल्यांच्या रिकाम्या खोक्यात टाकत होता. कॉम्प्युटर सुरू झाले की त्या कोपऱ्यांवरून नोंदी करायच्या होत्या. माझा कोपरा खोक्याच्या कडेवर आपटला आणि बाहेर पडला. मी तो पडताना पाहिला. तेवढ्याने काही बिघडेल असं मला मुळीच वाटलं नाही.

चार वाजता विमान सुटलं. आता खरं सांगतो, उडताना हिंदुरावांनी डोळे घट्ट मिटले होते आणि मला मुठीत इतकं आवळलं होतं की माझ्या अंगावर तेव्हा पडलेली चुणी अजून गेलेली नाही. पण विमान वळलं आणि त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. ढग मधूनमधून फाटले होते आणि खाली ऊन पडलं होतं. बराच वेळ ते नुसते बघत राहिले. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, मला मांडीवर पालथं घातलं आणि माझ्या पाठीवर चित्र काढायला सुरुवात केली.

चित्र म्हणजे फिटर काढतात तसं, मोजक्या सरळ रेघांचं. आधी भोसरीची पाण्याची टाकी. टाकीच्या अंगाला एक बारीकशी फुली, आणि फुलीखाली तीन शब्द. मग इंद्रायणीचं वळण, आळंदीचा पूल. मग चाकणचा चौक आणि त्यात अडकलेल्या ट्रकांची रांग, कारण ती वरूनही तशीच दिसत होती. पुढे छपरंच छपरं. त्यांत त्यांनी आपल्या कंपनीची दोन शेड ओळखली आणि एकटेच हसले. दोन शेडच्या मधे एक लांबट पट्टी आरशासारखी चमकत होती. "नवा पत्रा घातलाय वाटतं," ते स्वतःशी पुटपुटले, आणि ती चमकही त्यांनी तिरक्या रेघा मारून दाखवली. फोन साधा, बटणांचा. फोटो काढायची सोय नव्हती. घरच्या माणसाला दाखवायचं तर एवढाच मार्ग होता.

अहमदाबादला त्यांना घ्यायला धोंडीबा आला होता. हा त्यांच्याच गावचा, तिथे सोनं गाळायचं दुकान चालवणारा. कंपनीने लॉजची परवानगी दिली होती, पण गावचा माणूस गावात असताना लॉजवर उतरलो तर तो आयुष्यभर बोलून दाखवील, म्हणून हिंदुराव त्याच्या स्कूटरवर बसून त्याच्याच घरी गेले. दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यांनी डायच्या कडेवरून अंगठा फिरवला, एका जागी थांबले, आणि रविवारी संध्याकाळपर्यंत खरखर गेली होती. सोमवारी ते दुसऱ्या कंपनीच्या रात्रीच्या विमानाने परत आले. येतानाचा पास यंत्रातून निघालेला होता. गुळगुळीत अंग, ठसठशीत बारकोड. खिशात दोन तास आम्ही शेजारी शेजारी होतो, पण तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

घरी आल्यावर त्यांनी आम्हा दोघांना सावित्रीबाईंच्या, म्हणजे आपल्या बायकोच्या हातात दिलं. "ठिव नीट. कंपनीत द्यायच्यात." माझ्या पाठीवरचं चित्र त्यांनी लगेच दाखवलं नाही. ते हातपाय धुऊन, जेवून, निवांत दाखवायचं त्यांच्या मनात होतं. पण जेवता जेवताच त्यांना झोप आली आणि सकाळी पहिल्या शिफ्टची बस होती.

आता सावित्रीबाईंची एक रीत सांगतो. या घरात कागद महत्त्वाचा ठरला की त्याचं लॅमिनेशन होतं. रेशनकार्ड, मुलीची दहावी-बारावीची मार्कशीट, घराची पावती, डॉक्टरांनी लिहून दिलेलं पथ्यपाणीसुद्धा प्लॅस्टिकमध्ये बंद आहे. नवरा विमानात बसला, त्याचा कागद उघडा ठेवायचा हे त्यांच्या मनाला पटेना. मंगळवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या त्या आम्हाला घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"मावशी, दोन वेगवेगळे करू?" दुकानदाराने विचारलं.

"एकातच बसव की. पाठीला पाठ लावून."

त्याने तसं केलं आणि आम्हाला तापलेल्या यंत्रात सरकवलं. माझ्यावर शाई होती, मला काही झालं नाही. माझा जोडीदार मात्र त्या जातीचा होता ज्याच्यावर छपाईच उष्णतेने होते. बारकोड, नाव, तारीख, सगळं अंग बघता बघता काळंठिक्कर पडलं. त्याचा ताठा मला आवडत नव्हता, हे खरं. पण त्याचं असं व्हावं असंही मला कधी वाटलं नव्हतं.

दुपारी हिंदुराव घरी आले तेव्हा सावित्रीबाई रडत होत्या. "माज्या हातनं काय झालं बगा," म्हणून त्यांनी आम्हाला पुढे केलं. हिंदुरावांनी काळी बाजू पाहिली, मग उलटून माझी बाजू पाहिली. मग कडेने पाहिलं. माझी पाठ आता काळ्याच्या पाठीला लागून आत बंद झाली होती. त्यांच्या तोंडावर आलेलं वाक्य मला जवळजवळ ऐकू आलं. पण ते त्यांनी गिळलं. ती आधीच रडतेय, आणखी कशाला, असा त्यांचा विचार असावा. "आसू दे," एवढंच म्हणाले. "येतानाची नोंद इमान कंपनीकडं हाय. काय बिगडत न्हाई." चित्राचा त्यांनी उल्लेखही केला नाही.

बुधवारी ते आम्हाला घेऊन हिशेब खात्यात गेले. तिथे शैला मॅडम होत्या. केस पांढरे व्हायला लागलेल्या, चष्मा गळ्यात अडकवलेल्या, आणि बावीस वर्षं प्रत्येक प्रवासाचा पुरावा स्वतः डोळ्यांखालून घातलेल्या. त्यांनी मला उलटसुलट पाहिलं आणि कॉम्प्युटरकडे वळल्या.

"हिंदुराव, येतानाचं ठीक आहे, नोंद आहे. पण जातानाच्या विमान कंपनीने लिहून पाठवलंय की हा प्रवासी विमानात बसलाच नाही."

"बसलो की. चौदा एफ."

"मग लॉजचं बिल द्या. शुक्रवारी तुम्ही तिथे होता, एवढं दिसलं तरी पुरे."

"लॉज न्हाई. गावच्या माणसाकडं उतरलो."

"टॅक्सीचं?"

"त्याच्याच स्कूटरवरनं गेलो."

शैला मॅडमनी चष्मा काढला. कारखान्याच्या गेटवर हिंदुरावांची नोंद शनिवारी सकाळची होती. शुक्रवारी संध्याकाळी चाकणहून ट्रॅव्हल्सची बस धरली असती तरी माणूस तेवढ्यालाच पोचला असता. "माझा तुमच्यावर विश्वास नाही असं नाही," त्या म्हणाल्या. "पण ऑडिटरला हा कागद कुणीही बसून लिहिलाय असं वाटेल. मी विमान कंपनीला पुन्हा विचारते. तोवर तुम्ही लेखी द्यायचं तयार ठेवा. दहा दिवसांत काही निघालं नाही तर तुमच्या फायलीत पत्र लावावं लागेल."

खोटा प्रवास दाखवल्याचं पत्र. चौतीस वर्षांत एक मेमो नसलेल्या फायलीत, निवृत्तीच्या तोंडावर. हिंदुराव "बरं" म्हणाले आणि आम्हाला खिशात घालून बाहेर आले.

शैला मॅडमनी विमान कंपनीला दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, शब्दाला शब्द तेच. माझा फाटलेला कोपरा कुठल्या खुर्चीखाली पडला आणि कुठल्या झाडूने गेला, ते त्या उत्तरात नव्हतं.

कारखान्यात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. कँटीनमध्ये सुजित नावाच्या पोरगेल्या ऑपरेटरने सगळ्यांसमोर विचारलं, "काका, खरं सांगा राव. टरकला आणि ट्रॅव्हल्सनं गेला ना?" सगळे हसले. हिंदुरावही कसनुसे हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांना कुणीतरी स्लीपर कोच म्हणू लागलं. सुजित त्यांच्याच गल्लीत राहायला, त्यामुळे ते नाव घरापर्यंतही पोचलं.

मग ती सकाळ आली. मी फळीवर, देवांच्या शेजारी टेकवलेला होतो. हिंदुराव चहा पीत होते, आणि सावित्रीबाई डब्याची पोळी गुंडाळता गुंडाळता थांबल्या.

"एक इचारू का? रागावू नका."

"इचार."

"भ्याला आसला तर मला सांगा. इमानात न्हाई बसला तरी मला चालंल. मी कुनाला सांगनार न्हाई."

त्या माउलीच्या मनात नवऱ्याला सांभाळून घेण्यापलीकडे काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पण सुजितचं हसणं, विमान कंपनीची उत्तरं, फायलीतलं पत्र, या सगळ्यांनी जे झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं. हिंदुरावांनी अर्धा कप खाली ठेवला. बूट घातले. दारातून न वळता म्हणाले, "बसलो हुतो सावित्री." आणि डबा न घेताच गेले.

सावित्रीबाई तो अर्धा कप बघत कितीतरी वेळ बसून होत्या. मी वर फळीवर. त्यांनी जे विचारलं होतं त्याचं उत्तर माझ्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, आणि मला तोंड नव्हतं. कागदाच्या जन्माला आल्याचं दुःख मला त्या एका सकाळी झालं.

दहाव्या दिवशी हिंदुराव लेखी कागद घेऊन निघाले, तेव्हा सावित्रीबाई लुगडं बदलून दारात उभ्या होत्या. पिशवीत मी आणि माझा काळा जोडीदार.

"तू कुटं?"

"कंपनीत. काळा कागद मी केला. त्येची शिक्षा तुमाला कशापायी?"

हिंदुरावांनी त्यांना शंभरदा सांगितलं होतं की भानगड काळ्याची नाही, पांढऱ्याची आहे. पण सावित्रीबाईंच्या मनात एकच पक्कं बसलं होतं, की आपण दुकानात गेलो नसतो तर यातलं काहीच झालं नसतं. बसमध्ये दोघं शेजारी बसले, आणि चाकण येईपर्यंत हिंदुराव खिडकीबाहेर बघत होते, सावित्रीबाई मांडीवरच्या पिशवीकडे.

बाहेरच्या माणसाला कंपनीत आत सोडत नाहीत. म्हणून शैला मॅडमच गेटजवळच्या भेटीच्या खोलीत आल्या. सावित्रीबाईंनी हात जोडून आपला गुन्हा कबूल केला. शैला मॅडमनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"मावशी, काळ्याचं काही नाही हो. तो नसला तरी चालतो. अडचण या पांढऱ्याची आहे."

"मग ह्यो घ्या की. ह्येच्यावर नाव हाय, शिक्का हाय."

"घेते. यांच्या लेखी कागदाला जोडूनच टाकते. पण प्लॅस्टिकवर आमचा शिक्का उठत नाही आणि पिन बसत नाही. हे कापावं लागेल."

"कापा," सावित्रीबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या मॅडम," हिंदुराव पटकन म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "तसंच घ्या न्हाईतर घेऊ नका. कापू नका."

सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे चमकून पाहिलं. इतके दिवस सगळं मुकाट सोसणारा माणूस प्लॅस्टिकसाठी का अडून बसला, ते त्यांना कळेना. शैला मॅडमना तर वेगळीच शंका आली असावी, कारण त्यांनी वेळ न घालवता टेबलावरची कात्री उचलली आणि आमच्या चारी कडा कापल्या. कडा सुटल्या तसे आम्ही दोघं वेगळे झालो. काळा एकीकडे पडला. मी पाठीवरचं चित्र वर करून टेबलावर पडलो, आणि कितीतरी दिवसांनी माझ्या पाठीला वारा लागला.

"हे काय आहे?" शैला मॅडमनी विचारलं.

हिंदुराव फरशीकडे बघत म्हणाले, "काय न्हाई. हिला दाखवाया काढलं हुतं. इमानातनं."

सावित्रीबाईंनी मला उचललं. त्यांना वाचता येतं, पण अक्षर जोडत जोडत. नदी त्यांनी लगेच ओळखली. पूल ओळखला. मग टाकीजवळच्या फुलीवर त्यांचं बोट थांबलं आणि ओठ हलू लागले. फुलीखाली लिहिलं होतं, 'हितं सावित्री हाय'.

"येवढ्या वरनं घर दिसतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"घर न्हाई दिसत. टाकी दिसली. टाकीवरनं अंदाज धरला."

सावित्रीबाईंनी ते तीन शब्द पुन्हा एकदा जोडून वाचले. घरच्या खटल्याचा निकाल तिथेच लागला होता. कंपनीचा अजून बाकी होता.

शैला मॅडम चष्मा लावून वाकल्या. "ही आपली दोन शेड का?"

"व्हय."

"आणि मधे ही काय चमक काढलीय?"

"नवा पत्रा घातलाय नव्हं तिथं? लई चमकत हुता."

"नवा पत्रा?" शैला मॅडम सरळ झाल्या. "पत्र्याचं बिल माझ्याकडे आलेलं नाही. माझ्या सहीशिवाय इथे खिळाही येत नाही." आणि त्यांनी देखभालीच्या भीमराजला फोन लावला.

भीमराज हात पुसत आला. चित्रावर ओझरती नजर टाकली, आणि मग मला हातात घेऊन खिडकीच्या उजेडात गेला.

"हे कुणी काढलं?"

"मी," हिंदुराव म्हणाले.

"तुम्ही वर कधी चढला होता?"

"कुटं वर?"

"छपरावर." भीमराजने शैला मॅडमकडे पाहिलं. "मॅडम, हा पत्रा नाही, पाणी आहे. दोन शेडच्या मधल्या पन्हळीत प्लॅस्टिकचं पोतं अडकून पाणी तुंबलं होतं. दोन नंबरच्या शेडमध्ये आठवडाभर ठिबकत होतं आणि आम्ही खालून शोधत बसलो होतो. पाऊस थांबला त्या मंगळवारी दुपारी मी एकटाच वर चढलो आणि पोतं काढलं. खालून त्यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. नेमकं इथून इथपर्यंतच साचलं होतं. यांना कसं कळलं?"

"मंगळवारी दुपारी?" शैला मॅडमनी विचारलं. "म्हणजे हे परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी? मग तुझ्याकडून ऐकून काढलं असेल असं कुणी म्हणालं तर?"

उत्तर दिलं सावित्रीबाईंनी.

"त्या मंगळवारी सकाळीच मी कागद दुकानात न्हेला. दुकान उघडतंय तवर. दुपारच्याला त्यो प्लॅस्टिकात बंद हुता."

शैला मॅडमनी कापलेल्या प्लॅस्टिकच्या कडा उचलून पाहिल्या आणि स्वतःशीच मान हलवली. "बुधवारी माझ्या टेबलावर आला तेव्हा चारी बाजूंनी बंद होता, हे मीच पाहिलंय. येतानाचं विमान तर रात्रीचं होतं, अंधारात काही दिसलं नसतं. म्हणजे हे पाणी शुक्रवारी जातानाच वरून पाहिलंय. आणि मावशी, तुम्ही हा कागद बंद केला नसता ना, तर या चित्रावर कुणी विश्वास ठेवला नसता."

सावित्रीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. इतके दिवस जी चूक उशाला घेऊन त्या झोपत होत्या, तिनेच नवऱ्याचा शब्द राखला होता.

शैला मॅडमनी माझ्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढली, तिच्यावर 'मूळ कागद मी स्वतः पाहिला' असं लिहून सही केली आणि तीच लेखी कागदाला जोडली. मला सावित्रीबाईंच्या पिशवीत परत ठेवलं.

"मॅडम, मूळ प्रत लागते ना?" भीमराजने विचारलं.

"लागते," शैला मॅडम म्हणाल्या. "पण ही ज्यांच्यासाठी काढली त्यांच्याकडेच राहील. ऑडिटरला मी बघून घेते."

दुसऱ्या दिवशी सुजित हिंदुरावांच्या मशीनपाशी आला. "काका, चुकलं राव," म्हणाला. हिंदुरावांनी त्याला चहा आणायला पिटाळलं आणि विषय संपवला.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. हिंदुराव निवृत्त झाले. फायलीत शेवटपर्यंत एकही मेमो लागला नाही. निरोपाच्या दिवशी मोठे साहेब बरंच काही बोलले, पण घरी आल्यावर हिंदुरावांना त्यातलं नीटसं काही सांगता आलं नाही.

मी आता पत्र्याच्या पेटीत असतो, रेशनकार्ड आणि मार्कशीटांच्या वर. माझ्या तोंडावर प्लॅस्टिक आहे, पाठ उघडी आहे. काळा माझ्या शेजारीच असतो. त्याला टाकून द्यायला सावित्रीबाईंचं मन झालं नाही. आता तो माझ्याशी बोलतो, आणि माणूस म्हणून, म्हणजे कागद म्हणून, चांगला आहे.

दुपारची भांडी झाली की सावित्रीबाई मला बाहेर काढतात. बोट नदीवरून फिरवतात, पुलावरून नेतात, चौकातल्या ट्रकांपाशी थांबवतात आणि मग परत टाकीजवळ आणतात. एकदा हिंदुराव म्हणाले, "तुला एकदा इमानात बसवतो. तू बी बघ."

"मला कशाला?" सावित्रीबाई म्हणाल्या. "तुमी वरनं बघनार, तर खाली कुनीतरी असाया नको का?"

पण पेन्सिलीचं आयुष्य थोडं असतं. रोज बोट फिरून फिरून चित्र पुसट व्हायला लागलंय. ट्रकांची रांग गेली. छपरावरची चमकही गेली, आता पाहिली तर भीमराजलासुद्धा ओळखू येणार नाही. परवा हिंदुराव मला उजेडात धरून म्हणाले, "पुन्यांदा प्लॅस्टिकात घालू. टिकंल." सावित्रीबाईंनी मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. "नको," म्हणाल्या, "मग बोट प्लॅस्टिकावर पडंल."

माझीही तुम्हाला तेवढीच विनंती आहे. मला यंत्रात घालू नका. टिकून टिकून मी किती टिकणार, आणि कुणाला दाखवायला? मी ज्याचा पुरावा होतो ते आता कुणी विचारत नाही. ज्यांनी विचारलं होतं त्यांना उत्तर मिळालं आहे.

टाकीजवळची ती फुलीही गेल्या आठवड्यात पुसली गेली. खालचे तीन शब्द त्याआधीच गेले होते. तिथे आता नुसता पांढरा कागद आहे. पण दुपारी सावित्रीबाई मला मांडीवर घेतात, नदीवरून, पुलावरून बोट फिरवत परत येतात, आणि ते बोट अजून बरोबर त्याच जागी येऊन थांबतं.